बत्तीस लक्षणांची बुद्धमूर्ती : कामाच्या नोंदी

९ नोव्हेंबर

विहाराचं काम घेतलं. बैठी मूर्ती, भूमिस्पर्श मुद्रा (उजव्या हाताची बोटं भुईला टेकलेली), मांडीपासून उष्णीषापर्यंत (डोक्यावरच्या उंचवट्यापर्यंत) ३ फूट, खाली ६ इंचांचं कमळासन. क्रम नेहमीचाच: शाडू, प्लास्टरचा साचा, मग फायबर. बुद्ध पौर्णिमेला बसवायची आहे.

समितीच्या दोन अटी आहेत. मूर्ती अजिंठ्याच्या वळणाची हवी, आणि डोळे उघडे हवेत. आपल्या विहारांत परदेशी वळणाच्या मूर्ती सुरुवातीपासून आहेत. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बसवलेली मूर्तीसुद्धा रंगूनहून आणलेली होती. त्या मूर्तींविषयी सगळ्यांना आदरच आहे, पण अजिंठा इथून अडीच तासांवर असताना लोकांना तिथलं वळण हवंसं वाटणारच. दुसऱ्या अटीमागे बाबासाहेबांनी काढलेलं उघड्या डोळ्यांच्या बुद्धांचं चित्र आहे. अडचण एवढीच, की अजिंठा-वेरूळच्या बहुतेक बैठ्या मूर्तींच्या पापण्या निम्म्या मिटलेल्या आहेत. दोन्ही अटी एकाच चेहऱ्यावर बसवायच्या आहेत.

फोटो समोर ठेवून घडवण्याऐवजी या वेळी सुरुवात ग्रंथांत सांगितलेल्या, महापुरुषाच्या अंगावरच्या बत्तीस लक्षणांपासून करतोय. पुढे कुणाला असंच काम करायचं झालं तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

१६ नोव्हेंबर

पाली त्रिपिटकातल्या दीघनिकायातलं लक्खणसुत्त आणि मज्झिमनिकायातलं ब्रह्मायुसुत्त शेजारी ठेवून बत्तीसही लक्षणं वहीत उतरवली. मग हाताने काम करणाऱ्याच्या नजरेने त्यांची वाटणी केली.

मातीत अजिबात न येणारी बाजूला काढली. चाळीस दात, ते सारखे, ते फटीविना, पांढरेशुभ्र सुळे, लांब-रुंद जीभ, ब्रह्मस्वर, चवीची तीक्ष्ण जाण, कोशात झाकलेलं गुह्य. तोंड मिटलेलं आणि अंगावर चीवर, त्यामुळे ही आठ गेली. अंगाला धूळ न चिकटणं, एका रोमकूपात एकच केस, केसांची टोकं वर वळलेली, हेही दाखवता येत नाही. सोन्याचा वर्ण आणि डोळ्यांचा गर्द निळा रंग रंगकामाच्या वेळी बघू. हरणासारख्या पोटऱ्या आणि उंच घोटे पद्मासनात चीवराखाली जातात. बाकी जी उरली त्यांच्यावरच मूर्ती उभी राहणार: सपाट तळवे, तळव्यांवरची चक्रं, लांब टाचा, लांब बोटं, मऊ हात-पाय, जालहस्त (बोटांमधली जाळी), गुडघ्यापर्यंत पोचणारे हात, ताठ अंग, सात ठिकाणचा भरीवपणा, सिंहासारखी छाती, दोन खांद्यांमधली भरलेली पाठ, वडासारखा समतोल घेर, गोल मान, सिंहाची हनुवटी, गाईच्या पापण्या, भुवयांमधली ऊर्णा, उष्णीष.

एक सांगून ठेवतो, कारण मलाही ते वाचताना लक्षात आलं. लांबलचक कानाच्या पाळ्या आणि गळ्यावरच्या तीन वळ्या या बत्तिसांत नाहीत. पाळ्या ऐंशी अनुव्यंजनांच्या (दुय्यम लक्षणांच्या) संस्कृत यादीत सापडतात. आपण मात्र त्या दोन गोष्टी सगळ्यात आधी करायला घेतो.

ब्रह्मायुसुत्त मूर्तिकाराने जरूर वाचावं. मिथिलेचा १२० वर्षांचा ब्राह्मण ब्रह्मायू आपला शिष्य उत्तर याला बुद्धांच्या अंगावर ही लक्षणं आहेत का ते बघायला पाठवतो. उत्तर लक्षणं मोजून परत फिरत नाही. सात महिने सावलीसारखा मागे राहतो आणि बुद्ध चालताना उजवं पाऊल आधी कसं टाकतात, घरात शिरताना अंग कसं ठेवतात, पात्रात पाणी कसं घेतात, घास किती वेळा चावतात, हे सगळं येऊन सांगतो. यादी त्याला पाठ होती, तरी त्याने माणूस बघितला.

दुसऱ्या बाजूला त्याच निकायात धातुविभंगसुत्त आहे. राजगृहात एका कुंभाराच्या शाळेत पुक्कुसाती नावाचा तरुण रात्रभर बुद्धांसोबत एकाच छपराखाली असतो, आणि हेच ते बुद्ध, हे त्याला उपदेश ऐकल्यावर कळतं. राजा अजातशत्रूलाही आम्रवनात भिक्खूंच्या सभेत बुद्ध कोणते, हे वैद्य जीवकाला विचारावं लागतं. डोक्यावर मोठा उंचवटा आणि अंगाला सोन्याची झळाळी असती तर विचारावं लागलं नसतं. या दोन्ही परंपरा ग्रंथांतच शेजारी-शेजारी आहेत. म्हणून माझ्यापुरतं ठरवलं: लक्षणं सगळी घ्यायची, पण शोधली तर सापडावीत अशी. बघणाऱ्याला आधी माणूस दिसला पाहिजे.

२३ नोव्हेंबर

अजिंठा. (जाणाऱ्यांसाठी: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. फ्लॅश चालत नाही. वही-पेन्सिल न्या, तिचाच उपयोग होतो.)

लेणं क्र. १ च्या गाभाऱ्यातली धर्मचक्र मुद्रेतली (उपदेश करतानाची) मूर्ती. तिथला माणूस दिवा डावीकडे-उजवीकडे नेऊन चेहऱ्यावरचे भाव बदललेले दाखवतो. मी भावांपेक्षा सावली बघत बसलो. भुवईची कड तलवारीच्या पात्यासारखी सलग आहे, आणि तिच्यापासून पापणीपर्यंतचा भाग एकच गुळगुळीत उतार आहे, मध्ये खाच नाही. दिवा कुठूनही आला तरी डोळ्यांत खड्डा पडत नाही तो यामुळे. परत आल्यावर समितीला पहिला प्रश्न विचारला, की विहारात ट्यूब कुठे आहे. मूर्तीच्या बरोब्बर डोक्यावर आहे. ती पुढे घ्यायला सांगितली. वरून पडणाऱ्या उजेडात कुणाचाही चेहरा दमलेला दिसतो.

लेणं क्र. २६ मधलं महापरिनिर्वाण सुमारे ७ मीटर लांब आहे. तिथून हातांची आणि पावलांची रेखाटनं घेतली. बोटं लांब आहेत, पण सांधे दिसत नाहीत. हाडाचा आकार कुठेच वर येत नाही.

वेरूळला नंतर गेलो. लेणं क्र. १२ च्या वरच्या मजल्यावर सात-सात बुद्धांच्या रांगा आहेत. सगळ्यांचं अंग एकाच मापाचं. महापदानसुत्तात आधीच्या काळातल्या विपस्सी बुद्धांनाही हीच बत्तीस लक्षणं सांगितली आहेत, म्हणजे ही कुणा एका व्यक्तीची ओळख पटवणारी खूण नव्हे. चक्रवर्ती राजालाही हीच असतात. नुसती लक्षणं नीट बसवली म्हणजे बुद्धांची मूर्ती झाली, असं त्यामुळेच म्हणता येत नाही.

३० नोव्हेंबर

माप ठरवताना अडलो.

वडासारखा समतोल म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर जेवढं अंतर, तेवढीच उंची. दुसरं लक्षण: न वाकता उभं राहून तळहात गुडघ्यांना लागतात. बैठी उंची ३ फूट धरली तर उभी उंची साधारण ५ फूट ९ इंच येते. हात पसरून तेवढेच भरायचे, तर एक हात खांद्यापासून ३० इंचांच्या आसपास. असा हात खाली सोडला तर बोटं गुडघ्याच्या वाटीच्या पाच-सहा इंच वरच राहतात. गुडघ्यापर्यंत नेला तर दोन्ही हातांचा पसारा उंचीपेक्षा फुटाहून जास्त होतो. खांदे अरुंद करून भागवावं, तर सिंहासारखी छाती जाते. दोन्ही लक्षणं एकदम मोजपट्टीवर बसत नाहीत. कितीही मांडणी केली तरी बसत नाहीत.

उत्तर सापडलं ते मुद्रेत. भाच्याला पद्मासनात बसवलं आणि उजव्या हाताने जमीन शिवायला सांगितली. बोटं टेकायला त्याला उजवा खांदा खाली टाकावा लागला आणि पाठीचा कणा वाकला. भूमिस्पर्श मुद्रेत अंग तर ताठ हवं, तेही लक्षणच आहे. म्हणजे अंग ताठ ठेवून भुईला हात लावायचा असेल तर हात लांबच करावा लागतो. जुन्या कारागिरांनी भूमिस्पर्शात उजवा हात लांब का घेतला, ते मला तेव्हा कळलं. उजवा हात २ इंच वाढवला, डावा मांडीवर दुमडलेला असल्याने तो साध्या मापाचा ठेवला. पुढून बघताना फरक कळत नाही.

११ डिसेंबर

सांगाडा: ८ मिमीची सळई, मधे लाकडी फळी, हातांना दुहेरी बाइंडिंग वायर. शाडू १५० किलो, भिजवून मळून घेतली.

१४ डिसेंबर

रात्रीत उजवा हात खांद्यापासून खाली आला. वाढवलेल्या हाताचं वजन नुसत्या तारेला पेललं नाही, शिवाय तो अंगापासून सुटा आहे. काखेत दोन बोटं रुंद भेग. सगळी माती काढून हातात वेगळी सळई घातली, ती खाली कमळासनाच्या फळीत घट्ट केली, आणि माती धरायला तारेला लाकडाच्या लहान फुल्या बांधून आत लोंबत सोडल्या. दोन दिवस गेले. भूमिस्पर्श करणाऱ्याने हाताची सळई पहिल्याच दिवशी खालच्या फळीला बांधावी.

२८ डिसेंबर

धड उभं राहिलं. सात भरीव जागा (दोन्ही हात, दोन्ही पावलं, दोन्ही खांदे आणि मान) वाचायला सोप्या आहेत, करायला कठीण. आपल्याला कॉलेजात शरीररचना शिकवतात, त्यामुळे हात आपोआप गळ्याचं हाड, मनगटाचं हाड काढायला जातो. ते पुसून टाकावं लागतं आणि तरी अंग फुगीर दिसता कामा नये. लक्खणसुत्तात प्रत्येक लक्षणामागे आधीच्या जन्मांतलं एक आचरण सांगितलं आहे. या सात जागांमागे लोकांना चांगलं, चविष्ट अन्न दिल्याचं फळ आहे. ते वाचल्यावर मला मातीचा दाब कळला: दुसऱ्याला जेवू घालणाऱ्या, स्वतःही समाधानी असलेल्या माणसाचं अंग, पैलवानाचं नव्हे.

भूमिस्पर्शाचा क्षण कोणता, हेही ध्यानात ठेवायला हवं. निदानकथेत (जातककथांच्या प्रस्तावनेत) म्हटलंय, की उग्र तपश्चर्येत अंग काळवंडलं आणि बत्तीस लक्षणं झाकली गेली, अन्न घ्यायला लागल्यावर ती परत दिसू लागली. म्हणजे सुजाताची खीर खाऊन बोधिवृक्षाखाली बसलेलं हे अंग आहे. ते रोड चालत नाही.

सिंहाची हनुवटी पहिल्यांदा चौकोनी आणि जड झाली, चेहरा करारी सेनापतीचा दिसू लागला. जबड्याची कड मऊ केली आणि भरीवपणा गालाच्या खालच्या भागात नेला. या लक्षणामागचं आचरण वायफळ बडबड टाळणं हे आहे. ओठ शांत मिटलेले असले की हनुवटी आपोआप जागेवर येते.

८ जानेवारी

हात. जालहस्त म्हणजे बोटांमधे जाळी. गुप्तकाळातल्या मनकुवारच्या मूर्तीत बोटांमधे पडद्यासारखं दगडाचं पातळ अंग आहे, सारनाथच्या मूर्तींतही दिसतं. काही जण म्हणतात, बोटं तुटू नयेत म्हणून दगड तसाच ठेवला. बुद्धघोषांनी अट्ठकथेत (सुत्तांवरच्या जुन्या पाली टीकेत) साफ सांगितलंय, की ही कातडीची जाळी नव्हे. बोटं कातडीने जोडलेला माणूस तर प्रव्रज्येलाही (भिक्खू होण्यालाही) पात्र ठरत नाही. त्यांचा अर्थ असा: चारही बोटं सारख्या लांबीची आणि शेजारी ठेवली की खिडकीच्या जाळीसारखी एकसंध बसणारी.

चारही बोटं तंतोतंत सारखी करून पाहिली. मांडीवरच्या डाव्या हाताला ती विचित्र दिसतात, तिथे करंगळी किंचित आखूड ठेवली. उजव्या हाताला मात्र फार सुंदर बसली. चारही टोकं एका ओळीत कमळासनाच्या कडेला टेकतात. रोजच्या हातासारखं मधलं बोट पुढे गेलं असतं तर फक्त तेच टेकलं असतं.

बोटांमधल्या फटीत साचा अडकतो, म्हणून साच्यापुरती तिथे मातीची पातळ भिंत ठेवली. फायबरमधे ती ब्लेडने कापून काढणार.

१९ जानेवारी

तळव्यांवरची चक्रं. ग्रंथात हजार आरे, धाव आणि नाभी यांसह सर्व अंगांनी परिपूर्ण चक्र आहे. माझ्याकडे तळव्यावर दीड इंचाची जागा. समितीतल्या एका दादांनी चोवीस आरे सुचवले, कारण लोक तेच ओळखतात. ते अशोकचक्र आहे आणि तिरंग्यावर योग्य जागी आहे, इथे हजारांचा भास व्हायला हवा, असं मी त्यांना म्हटलं. ते लगेच मान्य झालं. कोरणीने केलेले आरे फिसकटत होते. शेवटी प्लास्टरच्या वडीवर उलटं चक्र कोरलं, नाभी आणि धाव ठळक, मधे अगदी बारीक दाट रेषा, आणि तो ठसा ओल्या मातीत दाबला. दोन्ही तळवे एकसारखे आले. ठसा जपून ठेवलाय.

२ फेब्रुवारी

केस आणि उष्णीष.

मातीचं काम बघायला आलेल्या एका आजींनी विचारलं, "बाबा, भंतेजींचं तर मुंडण असतं. मग भगवंताला केस कसे?" प्रश्न अगदी बरोबर आहे. सुत्तांतही बुद्धांना मुंडक म्हटलेलं सापडतं. निदानकथेतली गोष्ट आजींना सांगितली: गृहत्यागानंतर तलवारीने केस कापले ते दोन अंगुळं उरले, उजवीकडे वळून डोक्याला चिकटून बसले आणि आयुष्यभर तेवढेच राहिले. आजी म्हणाल्या, "म्हंजे बारीकच ठेव." त्यांचं म्हणणं पाळलं.

वळणं सगळी उजवीकडेच हवीत, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. भाच्याने डोक्याच्या एका बाजूला उजवी आणि दुसऱ्या बाजूला डावी वळणं केली होती, दोन्हीकडे सारखं दिसावं म्हणून. अर्धं डोकं पुन्हा करावं लागलं.

उष्णीषाचं रूप गांधारात केसांच्या अंबाड्यासारखं आहे, मथुरेच्या सुरुवातीच्या मूर्तींत शंखाच्या वेटोळ्यासारखं, थायलंडात ज्वाळेसारखं. अट्ठकथेत आणखी वेगळं: उजव्या कानापासून डाव्या कानापर्यंत कपाळ व्यापणारा मांसल भरीवपणा, फेटा बांधल्यासारखा, किंवा सगळं डोकंच भरीव गोल. मी अजिंठ्याचा बसका घुमट घेतला, पण त्याची सुरुवात कुठे होते ते कळू दिलं नाही. कपाळापासूनचा उतार सलग वर नेला. बाजूने बघितलं तर एकच वळण दिसतं, टोपी ठेवल्यासारखं दिसत नाही.

१० फेब्रुवारी

ऊर्णा. यावर सगळ्यात जास्त बोलणं झालं.

भुवयांमधे वाटाण्याएवढा उंचवटा केला होता. समितीतले एक काका बघताक्षणी म्हणाले, "हा टिळा आधी काढा. आपण कशासाठी सगळं सोडलं?" त्यांच्या बोलण्यातली कळकळ मला पूर्ण मान्य आहे. त्यांच्या घरात १९५६ च्या धम्मदीक्षेची आठवण सांगणारी माणसं होती. बाजारातल्या मूर्तींवर तिथे लाल ठिपका काढतात, त्यामुळे तो टिळाच दिसतो. ग्रंथातलं लक्षण मात्र वेगळं आहे: भुवयांमधे उगवलेला, कापसासारखा मऊ, पांढरा केसांचा पुंजका. तो लावलेला नाही, अंगाचाच भाग आहे, आणि त्याच्यामागे खरं बोलण्याचं आचरण सांगितलंय.

काढून टाकायलाही आधार होता. सारनाथच्या धर्मचक्र मुद्रेतल्या प्रसिद्ध मूर्तीच्या कपाळावर ऊर्णा कोरलेली नाही. पण सत्याचं लक्षण पुसावंसं मला वाटेना. काकांसमोर बसून उंचवटा खाली केला, तुरीच्या डाळीएवढा, आणि त्यात सुईने उजवीकडे वळणारी केसांची वेटोळी काढली. रंग पांढरा देणार, लाल किंवा सोनेरी नाही, हे ठरलं. काकांनी चष्मा लावून जवळून बघितलं. "केस आहेत हे कळतंय," म्हणाले. "राहू दे."

२२ फेब्रुवारी

डोळे.

आधी अजिंठ्याप्रमाणे निम्म्या पापण्या केल्या, मग खालच्या पापणीला हात न लावता वरची उचलत गेलो. ठरावीक उंचीनंतर चेहरा एकदम दचकल्यासारखा होतो. बुबुळाचं पूर्ण वर्तुळ दिसू लागलं, की तो क्षण येतो. दोन वेळा डोळे पुसले.

मग लक्खणसुत्ताकडे परत गेलो. गर्द निळे डोळे आणि गाईच्या पापण्या या दोन लक्षणांमागचं आचरण असं: लोकांकडे रागाने रोखून, तिरकं किंवा चोरून न बघता, सरळ मनाने आणि प्रेमाच्या नजरेने बघणं. पुष्कळ लोकांकडे बघणं, असंच तिथे आहे. म्हणजे डोळे उघडे हवेत ही मागणी लक्षणांच्या विरुद्ध नाही, ती लक्षणातूनच येते. ज्या डोळ्यांचं वर्णन लोकांकडे बघण्यावरून केलंय ते मिटलेले दाखवले तर लक्षणाचा अर्धा भाग जातो. इतके दिवस मी दोन अटी एकमेकींविरुद्ध धरून चाललो होतो.

राहिला प्रश्न, बघायचं कुणाकडे. विहारात मूर्तीचा चौथरा ४ फूट आहे आणि लोक खाली सतरंजीवर बसतात. मातीची मूर्ती दोन टेबलांवर चढवली, भाच्याला पुढे १० फुटांवर जमिनीवर बसवलं आणि नजर त्याच्या चेहऱ्यावर आणली. नजर खाली वळली, की वरची पापणी तिच्याबरोबर थोडी उतरते, बुबुळाचा वरचा भाग आपोआप झाकला जातो. डोळे उघडे राहिले आणि दचकणं गेलं. उभं राहून समोरून बघितलं तर पापण्या अजिंठ्यासारख्या उतरलेल्या दिसतात. खाली बसलं की डोळे उघडून आपल्याकडे बघतात. अजिंठ्याचे कारागीरही खाली बसणाऱ्याचाच विचार करत असतील, असं आता वाटतं.

तुम्ही करत असाल तर चौथऱ्याची उंची आणि बसण्याची जागा आधी मोजून आणा. टेबलावर समोरासमोर ठेवून केलेले डोळे जागेवर गेल्यावर चुकतात.

९ मार्च

साचा. धडाला प्लास्टर, पत्र्याच्या पट्ट्या लावून पुढचा-मागचा तुकडा, उजवा हात वेगळा. प्लास्टर २५ किलोच्या ६ बॅगा. डोक्याला सिलिकॉन, कारण केसांच्या वळणांत प्लास्टर अडकतं. आधी एका कोपऱ्यावर प्लास्टर लावून बघितलं, काढताना वळणांची टोकं मातीतून उपटून आली. सिलिकॉनचे ₹२,८०० गेले. महाग आहे, पण डोक्याच्या बाबतीत पैसे वाचवू नका.

२९ मार्च

साचा आतून दमट होता. चपड्याचे दोन हात दिले, वॅक्स मारलं, तरी खांद्याजवळ रेझिन चिकट राहिलं. साचा पुरते तीन आठवडे वाळवावा, उन्हात उलटा-पालटा करत. तो थर खरवडून पुन्हा भरला.

१२ एप्रिल

पारा चाळिशीला टेकलाय. दुपारी रेझिन डब्यातच घट्ट होऊन धूर सोडायला लागलं, दोन किलो वाया. आता पहाटे साडेपाच ते आठ एवढंच काम, हार्डनर कमी, आणि एका वेळी अर्धा किलोच कालवायचं. मॅटचे (काचतंतूच्या कापडाचे) चार थर, आतून पट्टीचा सांगाडा. बोटांमधल्या भिंती ब्लेडने कापल्या. वजन २५ किलोच्या आत बसलं.

२६ एप्रिल

रंग. तयार सोनेरी स्प्रे मारला तर ट्यूबच्या उजेडात चेहऱ्याचे सगळे उतार नाहीसे झाले, नुसती चमक उरली. घासून काढला. मातकट पिवळ्या अस्तरावर सोनेरी रंग पातळ करून ब्रशने, वर मॅट लॅकर. चीवर काषाय. सुवर्णवर्णामागे राग न धरणं आणि वस्त्रदान ही आचरणं आहेत. लखलखाटाचा उल्लेख आहे, पण चेहरा दिसलाच नाही तर त्या लखलखाटाचा उपयोग नाही.

डोळे शेवटी. सरळ निळा लावला तर परका वाटला. काळ्यात नीळ मिसळून इतका गर्द केला, की जवळ गेल्यावरच निळेपणा कळतो. श्रीलंकेत मूर्तीचे डोळे रंगवण्याचा वेगळा विधी असतो, कारागीर मूर्तीकडे पाठ करून आरशात बघून डोळे काढतो. आमच्याकडे तसा विधी नाही. मी समोर खाली बसून, स्टुलावर हात टेकवून काढले.

१५ मे

मूर्ती बसली. भंतेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं. काका पहिल्या रांगेत होते.

खर्च: शाडू ₹२,५००, सळई-तार-लाकूड ₹१,४००, प्लास्टर ₹१,८००, सिलिकॉन ₹२,८००, रेझिन-हार्डनर-मॅट ₹५,१०० (वाया गेलेल्यासह), रंग-लॅकर ₹२,६००. एकूण ₹१६,२००. टेम्पो समितीने केला. मजुरी यात धरलेली नाही.

विहाराला तीन सूचना लिहून दिल्या. मूर्ती ओल्या फडक्याने पुसू नये, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडावी. मेणबत्त्या उजव्या हाताखाली लावू नयेत, बोटांना धग लागते. हार घालताना गळ्यात तार येणार नाही असा सुती दोऱ्याचाच असावा.

धडाचा प्लास्टरचा साचा काढताना तुटला, तो एकदाच वापरायचा होता. डोक्याचा सिलिकॉन साचा चांगला आहे, आणखी दोन-तीन ओतकामं सहज निघतील. चक्राचा ठसाही आहे. कुणा विहारासाठी असं काम करत असाल तर दोन्ही घेऊन जा. डोळ्यांची नजर मात्र तुमच्या चौथऱ्याप्रमाणे पुन्हा करावी लागेल, त्यासाठी साच्यातून आधी मेणाचं डोकं काढा आणि पापण्या त्यावर बदला.